स्पायडरमॅन नक्की कोणाचा? सोनी आणि मार्व्हलमधल्या हक्कवाटपाचा हिशोब

कवडसा

स्पायडरमॅनच्या हक्कांबद्दल दोन वाक्यं सगळीकडे ठोकून दिलेली दिसतात. एक, "मार्व्हलने तो सोनीला विकून टाकला." दुसरं, "आता दोघांत निम्मा-निम्मा आहे." दोन्ही एकदम खरी असणं शक्य नाही, आणि मूळ कराराबद्दल जे वाचलं त्यावरून मला दोन्ही चुकीचीच वाटतात.

मला नेमकं हे समजून घ्यायचंय. सोनीकडे हक्क कायमचे आहेत की मुदतीचे, आणि मुदतीचे असतील तर ती मुदत मोजायची कुठून? २०१५ आणि २०१९ मध्ये दोघांत जे ठरलं त्यात पैसे कोण घालतं आणि कोणाच्या पदरात किती पडतात? खेळणी, गेम, मालिका, थीम पार्क ही बाकीची अंगं कोणाकडे आहेत? आणि शेवटचं, डिस्नीने २००९ मध्ये जवळपास ४ अब्ज डॉलर मोजून सगळी मार्व्हल घेतली, मग हा एकच नायक बाहेर का राहिला?

"मार्व्हलला परत द्या" हा सूर इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. करार वाचलेल्यांनी लिहावं.

---

पडद्यामागचा

दोन्ही वाक्यं चूकच आहेत. शेतीच्या भाषेत सांगतो, म्हणजे पटकन लक्षात येईल. सातबारा मार्व्हलच्याच नावावर आहे. सोनीने जमीन खंडाने घेतली आहे. अट अशी की ठरल्या मुदतीत पेरणी झालीच पाहिजे, नाहीतर जमीन मूळ मालकाकडे परत. पेरत राहिलं तर मालक काढून घेऊ शकत नाही. म्हणजे ही विक्री नाही, एकट्या सोनीला दिलेला परवाना आहे, आणि काम चालू असेपर्यंत तो आपोआप पुढे चालतो.

पेरणीचं वेळापत्रक सप्टेंबर २०११ च्या सुधारित करारात स्पष्ट आहे. हा करार २०१४ मध्ये सोनीचे संगणक हॅक झाले तेव्हा फुटला, म्हणून सगळ्यांना वाचायला मिळाला. त्यात दोन मुदती आहेत आणि दोन्ही आधीच्या सिनेमाच्या प्रदर्शनापासून मोजायच्या:

- ३ वर्षं ९ महिन्यांच्या आत पुढच्या सिनेमाचं प्रत्यक्ष निर्मितीकाम सुरू व्हायला हवं
- ५ वर्षं ९ महिन्यांच्या आत तो प्रदर्शित व्हायला हवा

लोक फक्त दुसरी मुदत लक्षात ठेवतात. खरा फास पहिल्या मुदतीचा आहे, कारण पटकथा अडली, दिग्दर्शक सोडून गेला, नटाच्या तारखा जुळल्या नाहीत, तरी घड्याळ थांबत नाही. हा हिशोब 'नो वे होम'ला लावून बघा. अमेरिकेतलं प्रदर्शन १७ डिसेंबर २०२१. त्यात ३ वर्षं ९ महिने मिळवले की १७ सप्टेंबर २०२५ येतो. 'ब्रँड न्यू डे'चं चित्रीकरण ऑगस्ट २०२५ मध्ये ग्लासगोत सुरू झालं आणि प्रदर्शनाची तारीख ३१ जुलै २०२६ जाहीर झाली. दोन्ही तारखा मुदतीच्या आत बसतात, पहिली जेमतेम दीड महिना राखून.

सोनीला हे इतक्या स्वस्तात कसं मिळालं, तेही बघायला हवं. १९८५ मध्ये मार्व्हलने सिनेमाचे हक्क कॅनन फिल्म्सला २ लाख २५ हजार डॉलर आणि उत्पन्नातल्या काही टक्क्यांवर दिले. अट हीच, एप्रिल १९९० पर्यंत सिनेमा काढा. कॅनन बुडायला लागली तेव्हा तिचा एक मालक मेनाहेम गोलान हक्क घेऊन आपल्या नव्या कंपनीत गेला, आणि खरा गुंता तिथे झाला. पैसे उभे करायला त्याने एकाच हक्काचे तुकडे पाडून वेगवेगळ्या दारी विकले: थिएटरचे कॅरोल्कोला, टीव्हीचे व्हायाकॉमला, होम व्हिडिओचे कोलंबियाला, आणि ही कोलंबिया सोनीची. कॅरोल्कोने जेम्स कॅमेरॉनला लिहायला बसवलं. गोलानला कबूल केलेलं निर्मात्याचं श्रेय नव्या कागदांवर दिसेना, तो १९९३ मध्ये कोर्टात गेला, आणि त्यावर दाव्यांची माळ लागली. या भानगडीत गोलानची कंपनी, कॅरोल्को आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल, तिघंही दिवाळखोरीत गेले.

शेवटी जुना परवाना संपला असं धरून हक्क मार्व्हलकडे परत आले, आणि गळ्यापर्यंत आलेल्या मार्व्हलने ते सोनीला दिले: सुमारे १ कोटी डॉलर आगाऊ, सिनेमाच्या उत्पन्नात ५ टक्के, आणि मालविक्रीत (खेळणी, कपडे वगैरे) निम्मा वाटा. एमजीएम या स्टुडिओचाही दावा होता. तो मार्च १९९९ मध्ये सुटला, कारण सोनीने स्वतःचा जेम्स बाँड काढण्याचा हट्ट सोडला आणि एमजीएमने स्पायडरमॅन सोडला. दोन पात्रांची सरळ अदलाबदल.

---

तिकीटबारी

पडद्यामागचा यांनी पाया घातला आहे. मी पैशांकडे वळतो.

आधी २०११ चा टप्पा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तोपर्यंत मालविक्री निम्मी-निम्मी होती. त्या वर्षी डिस्नीच्या मार्व्हलने सोनीचा मालविक्रीतला वाटा विकत घेतला. बातम्यांतून आलेले आकडे असे: एकरकमी १७.५ कोटी डॉलर, आणि पुढच्या प्रत्येक सिनेमामागे जास्तीत जास्त ३.५ कोटी डॉलर. बदल्यात सिनेमाच्या उत्पन्नातला मार्व्हलचा वाटा निघाला. म्हणजे सिनेमा पूर्ण सोनीचा, दप्तर-टीशर्ट-बाहुली पूर्ण मार्व्हलची. सोनीने हातातलं रोख घेतलं आणि दरवर्षी येत राहणारं उत्पन्न सोडलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सोनीचा सर्वात महागडा निर्णय हाच. सिनेमा तीन वर्षांतून एकदा येतो, दप्तरं दर जूनला विकली जातात.

२०१४ चा 'अमेझिंग' मालिकेतला दुसरा भाग सुमारे ७१ कोटी डॉलरवर थांबला, आधीच्या चारही सिनेमांपेक्षा खाली. म्हणून फेब्रुवारी २०१५ चा समझोता. त्याची घडण अशी: सिनेमाचा खर्च सोनीचा, वितरण सोनीचं, मालकी सोनीची, शेवटचा शब्द सोनीचा. मार्व्हल स्टुडिओज निर्मिती करणार, मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी आणि सोनीच्या माजी प्रमुख एमी पास्कल मिळून. बदल्यात मार्व्हलला हे पात्र आपल्या सिनेमांत वापरता येणार. 'सिव्हिल वॉर' (२०१६) डिस्नीचा, त्याच्या गल्ल्यात सोनीला वाटा नाही. 'होमकमिंग' (२०१७) सोनीचा. म्हणजे शेजाऱ्याने येऊन नांगरून द्यायचं, पीक ज्याचं त्याचं, आणि नांगरणाऱ्याला त्या बैलजोडीचा आपल्या शेतातही एक दिवस वापर.

२०१९ मध्ये बिनसलं कशावरून? हॉलिवूडच्या व्यापारी वृत्तपत्रांनुसार तेव्हा डिस्नीला एकूण उत्पन्नातले सुमारे ५ टक्के पहिल्या डॉलरपासून मिळत होते. डिस्नीने मागितलं निम्मं भांडवल आणि निम्मा नफा. 'फार फ्रॉम होम' नुकताच १ अब्जाच्या पुढे गेलेला, सोनीचा तोवरचा सर्वात मोठा सिनेमा. सोनीने नकार दिला आणि २० ऑगस्टला बातमी फुटली. २७ सप्टेंबरला नवा समझोता जाहीर झाला: डिस्नीने सुमारे २५ टक्के भांडवल घालायचं, सुमारे २५ टक्के नफा घ्यायचा. त्यात एक स्वतंत्र सिनेमा आणि डिस्नीच्या एका सिनेमात हजेरी.

५ टक्के आणि २५ टक्के ही एकाच जातीची टक्केवारी नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. निर्मिती २० कोटी, प्रसिद्धी १५ कोटी, मिळून ३५ कोटी डॉलर. थिएटरांचा वाटा गेल्यावर सर्व मार्गांनी स्टुडिओच्या हातात ५० कोटी आले.

- उत्पन्नातले ५ टक्के म्हणजे २.५ कोटी. खर्चाशी संबंध नाही, जोखीम शून्य.
- नफ्यातले २५ टक्के: नफा १५ कोटी, त्यातले ३.७५ कोटी. पण आधी भांडवल घातलेलं.
- निम्मा नफा म्हणजे ७.५ कोटी.

आता तोच सिनेमा पडला आणि हातात फक्त ३० कोटी आले असं धरा. ५ टक्केवाल्याला तरीही १.५ कोटी मिळतात. २५ टक्केवाला १.२५ कोटी तोट्यात जातो. म्हणजे २०१९ मध्ये डिस्नीला "पाचपट वाढ" मिळाली नाही. तिने बिनजोखमीचा छोटा वाटा देऊन जोखमीचा मोठा वाटा घेतला. शिवाय वितरक आपली वितरण-फी नफा काढण्याआधीच कापतो. ती सोनीची. त्यामुळे कागदावरच्या २५ टक्क्यांत प्रत्यक्षात किती येतं, हे 'नफा' या शब्दाची करारातली व्याख्या ठरवते. वाटाघाटीत सर्वात जास्त वेळ याच व्याख्येवर जातो.

'नो वे होम'ने जगभर सुमारे १.९ अब्ज डॉलर केले, तेव्हा या व्यवस्थेत दोघांचंही भलं झालं. पण पंचाहत्तर टक्के सोनीकडेच. कवडसा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. विकत घ्यायला समोरचा विकणारा लागतो. सोनीकडे दुसरं असं पात्र नाही, आणि मुदती पाळल्या तर तिला विकायची सक्ती कोणी करू शकत नाही.

---

शेवटची रांग

बाकीची अंगं मी सांगते. 'सोनी' आणि 'मार्व्हल' ही दोन नावं इतक्या ठिकाणी एकत्र दिसतात की माणूस गोंधळणारच.

मालिका: जिवंत नटांची मालिका सोनीकडे. ॲनिमेशन मालिकेसाठी करारात मिनिटांची रेघ आहे. भाग ४४ मिनिटांपेक्षा लांब असेल तर सोनी, ४४ किंवा कमी असेल तर मार्व्हल. ४४ च का, तर अमेरिकन टीव्हीवर जाहिराती वगळून तासाभराच्या कार्यक्रमाची साधारण लांबी तीच. म्हणून २०२५ मध्ये डिस्नी प्लसवर अर्ध्या तासाची ॲनिमेटेड स्पायडरमॅन मालिका सोनीशिवाय येऊ शकली.

गेम: २०१८ चा प्लेस्टेशनवरचा गेम सोनीकडे आहे तो सिनेमाच्या परवान्यामुळे, असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. गेमचे हक्क मार्व्हलकडे आहेत आणि प्लेस्टेशनला ते वेगळ्या कराराने मिळाले. कंपनी एकाच समूहातली असली तरी कागद वेगळे.

थीम पार्क: हा तिसराच खेळाडू. १९९४ च्या करारानुसार युनिव्हर्सलने मार्व्हलची पात्रं पार्कसाठी घेतली, आणि फ्लोरिडात ऑर्लँडोला १९९९ पासून तिची स्पायडरमॅन राइड चालू आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला युनिव्हर्सल वापरत असलेली पात्रं आणि त्यांचे गोतावळे डिस्नीला आपल्या पार्कमध्ये वापरता येत नाहीत. नदीच्या पश्चिमेला, म्हणजे कॅलिफोर्नियात, डिस्नीची स्वतःची स्पायडरमॅन राइड २०२१ मध्ये सुरू झाली. त्याच कंपनीच्या फ्लोरिडातल्या पार्कला मात्र ती करता येत नाही. तिथे 'गार्डियन्स'ची राइड आहे, कारण युनिव्हर्सल ती पात्रं वापरत नव्हती. एका नदीने नायकाची हद्द ठरवावी, याहून स्पष्ट उदाहरण हक्कांच्या तुकड्यांचं मला माहीत नाही.

स्ट्रीमिंग: अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये सोनीने दोन करार केले. २०२२ पासूनचे सिनेमे थिएटरनंतर आधी नेटफ्लिक्सवर, मग डिस्नीकडे. 'नो वे होम' डिसेंबर २०२१ चा, म्हणून दोन आठवड्यांनी हुकला आणि जुन्या करारानुसार स्टार्झ या अमेरिकन वाहिनीवर गेला. हे सगळं फक्त अमेरिकेपुरतं. प्रत्येक देशाचा सौदा निराळा, म्हणून इथल्या ॲपवर काय दिसतं यावरून मालकी ठरवू नये.

आणि पात्राच्या अटी. २०११ च्या करारात पीटर पार्करच्या 'बदलता न येणाऱ्या' गोष्टी लिहिलेल्या आहेत. पूर्ण नाव पीटर बेंजामिन पार्कर. लहानपणी आईवडील दुरावलेले. मे काकू आणि बेन काका यांनी न्यूयॉर्कमध्ये वाढवलेला, क्वीन्समधलं मध्यमवर्गीय घर. शक्ती कोळ्याच्या चाव्यामुळे, आणि शाळेत किंवा कॉलेजात असताना. पहिला लाल-निळा पोशाख त्याने स्वतः आखायचा. काळा पोशाख मात्र त्याने बनवलेला नसावा, तो अंगाला चिकटून राहणारा परजीवी जीवच असायला हवा. तंबाखू नाही, दारूचा अतिरेक नाही, छळ नाही, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावाशिवाय हत्या नाही. गोरा आणि भिन्नलिंगी असण्याची अटही त्यात होती आणि त्यावर २०१५ मध्ये रास्त टीका झाली.

यातल्या नाव, घर, वंश अशा अटी पीटरपुरत्या आहेत हे लक्षात घ्या; तंबाखू, दारू, छळ, हत्या यांच्या अटी कोणत्याही स्पायडरमॅनला लागू. म्हणून माइल्स मोरालेस किंवा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मधला पवित्र प्रभाकर या दुसऱ्या स्पायडरमॅनना त्या बाबतीत मोकळं रान मिळालं. तो सिनेमा जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. हॉलिवूडच्या इतक्या मोठ्या सिनेमाला मराठी डबिंग मिळणं ही माझ्या मते अजूनही पुरेशी न बोलली गेलेली गोष्ट आहे.

---

कवडसा

हे सोनं आहे, तिघांचे आभार. एक उपप्रश्न. खलनायक सोनीकडे आहेत, मग 'व्हेनम' सोडून बाकीचे का कोसळले? हक्क तर पूर्ण हातात होते.

---

पडद्यामागचा

हक्क हातात होते, पण नायक दुसऱ्याच्या कथेत गुंतलेला होता. २०१५ नंतर पडद्यावरचा पीटर मार्व्हलच्या कथासूत्रात राहतो. सोनीकडे सुमारे ९०० पात्रं असल्याचं सांगितलं जातं, पण त्यातली बहुतेक पात्रं स्पायडरमॅनशी असलेल्या वैरातून घडली आहेत. वैरी काढला की उरतं ते नुसतं सामर्थ्य, कारण नाही. 'व्हेनम'ने (२०१८, सुमारे ८५.६ कोटी डॉलर) नायक एडी आणि त्याच्या अंगात शिरलेला परजीवी यांचं आपसातलं भांडण हीच कथा केली, म्हणून तो तरला. 'मॉर्बियस' (२०२२) कडे तसं काही नव्हतं. त्याच्या शेवटी 'होमकमिंग'चा खलनायक व्हल्चर आणून जोडला, तोही कथेला न पटणाऱ्या कारणाने. 'मॅडम वेब' आणि 'क्रेव्हन' (दोन्ही २०२४) याच खड्ड्यात गेले.

ॲनिमेशनमध्ये ही अडचण आली नाही. 'इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये (२०१८) सोनीला कोणाच्या कथासूत्राशी जुळवून घ्यायचं नव्हतं, स्वतःचा नायक होता, आणि ऑस्कर मिळालं.

---

रिळांची पेटी

दोन स्टुडिओंनी एक पात्र खरोखर एकाच वेळी वापरल्याचं उदाहरण स्पायडरमॅन नाही, क्विकसिल्व्हर आहे. तो आणि त्याची बहीण स्कार्लेट विच म्युटंटही आहेत (जन्मतः शक्ती असलेले, ज्यांचे सिनेमाहक्क फॉक्स स्टुडिओकडे होते) आणि मार्व्हलच्या ॲव्हेंजर्स चमूतही, म्हणून फॉक्स आणि मार्व्हल दोघांनाही वापरता येत होते. २०१४ मध्ये फॉक्सच्या सिनेमात एक क्विकसिल्व्हर, २०१५ मध्ये मार्व्हलच्या सिनेमात दुसरा, नटही वेगळा. मार्व्हलला 'म्युटंट' हा शब्द आणि वडील मॅग्नेटोशी नातं वापरता येत नव्हतं, म्हणून संवादात 'एनहान्स्ड' आलं. पात्र वाटून घेता येतं, पण त्याचा शब्दकोश वाटला जात नाही. हा पेच मार्च २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्स घेतल्यावरच संपला.

वस्तुविनिमयही झालाय. 'डेडपूल'साठी फॉक्सला एका पात्राच्या शक्ती बदलायच्या होत्या, त्याला मार्व्हलची परवानगी हवी होती. मार्व्हलने ती दिली आणि बदल्यात 'ईगो' हा जिवंत ग्रह घेतला. 'गार्डियन्स'चा दुसरा भाग त्यावर उभा राहिला.

आणि मुदत वाचवण्यासाठी पेरणीचं नाटक कसं होतं तेही नोंदवतो. १९९२ च्या अखेरीस 'फँटॅस्टिक फोर'चे हक्क संपणार होते. जर्मनीच्या कॉन्स्टँटिनने त्या डिसेंबरात सुमारे १० लाख डॉलरमध्ये चित्रीकरण सुरू केलं, रॉजर कॉर्मन निर्माता. सिनेमा पूर्ण झाला, अधिकृतपणे कधीच प्रदर्शित झाला नाही, हक्क मात्र टिकले. त्यात मन लावून काम केलेल्या नटांवर हा मोठा अन्याय होता. 'काम सुरू' एवढीच अट न ठेवता 'प्रदर्शन' ही वेगळी मुदत का लिहावी लागते, ते यावरून समजतं. स्पायडरमॅनच्या करारातल्या दोन मुदतींचं महत्त्व हेच.

---

कलम एकोणीस

इथे मराठी लेखक बरेच आहेत, म्हणून आपल्या कायद्याचं जोडून देतो. कथा किंवा कादंबरीचे हक्क देताना कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ उघडून ठेवा.

हक्क लिहून घेतलेल्याने एका वर्षात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते संपतात, पोटकलम ४. कालावधी लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, पोटकलम ५. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, पोटकलम ६. परवान्यालाही हेच लागू होतं, कलम ३०अ मुळे.

पण छापील मसुद्यांत "कलम १९(४) लागू होणार नाही" अशी ओळ मागच्या पानावर असते. ती मान्य केली की कायद्याने दिलेलं एक वर्ष गेलं. ती ओळ खोडा किंवा तिच्या जागी स्वतःची मुदत घाला: चित्रीकरण इतक्या महिन्यांत, प्रदर्शन इतक्या महिन्यांत, न झाल्यास हक्क लेखी नोटिशीशिवाय परत. "सर्व माध्यमांचे सर्व हक्क" या शब्दांऐवजी माध्यमं एकेक करून लिहा: चित्रपट, वेबमालिका, नाटक, श्राव्य पुस्तक, डबिंगच्या भाषा. जे लिहिलं नाही ते तुमच्याकडे राहतं. आणि मिळालेले हक्क तिसऱ्याला विकण्यासाठी तुमची लेखी संमती लागेल, हे वाक्य विसरू नका. १९८५ च्या कॅननच्या व्यवहारानंतर तुकडे ज्या हातांत गेले, त्यातल्या कोणालाही मार्व्हलने स्वतः निवडलं नव्हतं.

---

कवडसा

शेवटची एक शंका. स्पायडरमॅनचा सहनिर्माता चित्रकार स्टीव्ह डिटको, त्याच्या वारसांनी हक्क परत मागितले होते, ते यशस्वी झालं असतं तर सोनीचा खंड संपला असता का?

---

पडद्यामागचा

नाही. ती नोटीस २०२१ ची, अमेरिकन कायद्यातल्या 'टर्मिनेशन' तरतुदीखाली, म्हणजे दिलेले हक्क ठरावीक वर्षांनी परत घेण्याची सोय. ती फक्त अमेरिकेपुरती चालते, आणि आधी बनलेले सिनेमे तसेच चालू राहतात. शिवाय स्टॅन ली सहनिर्माता, म्हणून मार्व्हलचा वाटा उरलाच असता. वाद कोर्टात निकाली निघण्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली.

पहिली कथा ऑगस्ट १९६२ च्या अंकातली. अमेरिकन कायद्याने ९५ वर्षं, म्हणजे ती १ जानेवारी २०५८ ला सर्वांसाठी खुली होईल. तीही फक्त त्या अंकातलं पात्र. काळा पोशाख, व्हेनम, माइल्स यांची मुदत आपापल्या पहिल्या अंकापासून वेगळी मोजायची. आणि ट्रेडमार्क तेव्हाही चालू असेल, त्यामुळे तुमच्या सिनेमाच्या पोस्टरवर नाव कोणत्या अक्षरांत छापायचं हे तेव्हाही वकिलाला विचारावं लागेल.